पाळक आणि त्याचें शास्त्र

एखाद्या घरीं कर्ता मुलगा दगावला आहे. माणसें जमलीं आहेत, पण कोणाच्या तोंडून शब्द निघत नाहीं. अशा वेळीं त्या ख्रिस्ती कुटुंबाचा पाळक दाराशीं येऊन उभा राहतो. ईश्वराचें स्वरूप काय, दुःखाचें मूळ कशांत आहे, मरणोत्तर गति कोणती, या विषयांवरील ग्रंथ त्यानें विद्यालयांत वर्षानुवर्षें अभ्यासलेले असतात. या प्रश्नांचीं उत्तरें परीक्षेंत त्यानें उत्तम लिहिलेलींहि असतात. परंतु आंत जाऊन त्या आईसमोर बसल्यावर पहिलें वाक्य कोणतें उच्चारावयाचें, किंबहुना उच्चारावयाचें कीं मुकाट्यानें नुसतें बसावयाचें, हें त्या ग्रंथांत सांपडत नाहीं. येथें ज्या शास्त्राचा परिचय करून द्यावयाचा आहे, त्याचा जन्म या उंबरठ्यावर झालेला आहे. युरोपांत त्यास प्रॅक्टिकल थिऑलॉजी हें नांव पडलें. मराठींत त्यास व्यावहारिक ईश्वरविज्ञान म्हणतां येईल. येथें व्यवहार म्हणजे देवघेव नव्हे. जें सत्य म्हणून मानलें तें माणसांच्या जीवितांत कसें उतरतें, आणि माणसांचें जीवित त्या सत्यावर उलट कोणता प्रकाश पाडतें, याचा पद्धतशीर विचार म्हणजे हें शास्त्र होय.

पाळक म्हटला म्हणजे रविवारीं व्यासपीठावरून उपदेश करणारा गृहस्थ, एवढीच कल्पना पुष्कळांच्या मनांत असते. वस्तुतः त्या शब्दाचा मूळ अर्थ मेंढपाळ असा आहे. लॅटिन भाषेंतील पास्टर हा शब्दहि त्याच अर्थाचा. मेंढपाळाला कळप ओळखावा लागतो. कोणतें मेंढरूं लंगडतें, कोणतें मागें राहतें, कोणतें चरत नाहीं, हें त्याला ठाऊक असावें लागतें. पाळकाच्या कामांत उपासना चालविणें, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार देणें, विवाह लावणें, प्रेतसंस्कार करणें, मुलांस धर्मशिक्षण देणें, आजाऱ्यांस भेटणें, दरिद्र्यांची तरतूद पाहणें आणि मंडळींतील भांडणें मिटविणें, इतक्या गोष्टी येतात. यांपैकीं प्रत्येक गोष्ट माणसागणिक निराळी होते. मग या कामाला कांहीं शास्त्र असूं शकेल काय, कीं हा केवळ स्वभावाचा व अनुभवाचा भाग समजावा, हा प्रश्न फार जुना आहे.

इ. स. ५९० मध्यें रोम शहरांत महामारी चालू होती. तिनें धर्माध्यक्ष पोप पिलेजियस यांचाहि बळी घेतला आणि त्यांच्या जागीं ग्रेगरी यांची निवड झाली. हे ग्रेगरी पूर्वी रोम शहराचे मुख्य अधिकारी होते. नंतर तो अधिकार सोडून त्यांनीं आपल्या वाड्याचा मठ केला व तेथें ते संन्यस्त वृत्तीनें राहिले. हें नवें ओझें घेण्याची त्यांची इच्छा नव्हती. आपण कां कचरलों, हें स्पष्ट करण्याकरितां त्यांनीं चार भागांचा एक ग्रंथ लिहिला. पाळकाचे नियम अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. त्यांतील तिसरा भाग सर्वांत मोठा आहे. त्यांत श्रोत्यांच्या जोड्या लावलेल्या आहेत. श्रीमंत आणि दरिद्री, आनंदी आणि खिन्न, उतावळे आणि मंद, निरोगी आणि रोगी, अशा छत्तीसच्या आसपास जोड्या घेऊन प्रत्येकास बोध कसा करावा हें त्यांनीं निरनिराळें सांगितलें आहे. हळुवार शीळ घातली तर घोडा शांत होतो, पण कुत्र्याचीं पिलें त्याच शिळेनें चेकाळतात. बळकट माणसाला पोसणारी भाकरी तान्ह्या मुलाचा जीव घेते. अशा दाखल्यांनीं त्यांनीं आपलें म्हणणें मांडलें. सत्य एक असलें तरी तें ऐकणारा कोण आहे याचा अभ्यास केल्यावांचून तें बोलूं नये, असा याचा इत्यर्थ आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या आल्फ्रेड राजानें या ग्रंथाचें आपल्या लोकांच्या भाषेंत रूपांतर केलें, यावरून त्याची योग्यता दिसून येते.

ग्रेगरींनंतर एक हजारावर वर्षांनीं इंग्लंडांतील किडरमिन्स्टर नांवाच्या विणकरांच्या गांवीं याच विचाराची एक मोठी कसोटी झाली. तेथील पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांचा जन्म १६१५ सालचा. त्यांचें विद्यापीठांत शिक्षण झालें नव्हतें. जें कांहीं संपादन केलें तें स्वतःच्या वाचनानें. प्रकृति जन्माची नाजूक. १६४१ सालीं ते प्रथम या गांवीं आले, यादवी युद्धामुळें त्यांस गांव सोडावें लागलें, आणि १६४७ पासून १६६० पर्यंत त्यांनीं तेथें पुन्हा काम केलें. त्यांच्या वक्तृत्वाची कीर्ति झाली. मंदिरांत माणसें मावेनात म्हणून आंत पांच सज्जे नवे बांधावे लागले. दुसरा एखादा एवढ्यावर संतुष्ट झाला असता. बॅक्स्टर यांस मात्र एक शंका सारखी बोंचत होती. इतकीं वर्षें समोर बसून ऐकणाऱ्यांच्या पदरांत खरोखर काय पडलें?

या शंकेचें निरसन करण्यासाठीं त्यांनीं एक क्रम आंखला. मंडळीच्या हद्दींत आठशेंच्यावर कुटुंबें होतीं. आठवड्यांतून दोन दिवस, सोमवार व मंगळवार, बॅक्स्टर आणि त्यांचा साहाय्यक यांनीं केवळ या कामाला वाहून घेतलें. साहाय्यक आसपासच्या वस्तींत हिंडे आणि गांवांतील कुटुंबें बॅक्स्टर यांच्याकडे येत. दर आठवड्यास चौदापंधरा कुटुंबें, प्रत्येकास सुमारें एक तास, या हिशेबानें सारी मंडळी वर्षाकांठीं एकदां होत असे. प्रथम प्रश्नोत्तरावलींतील शब्द म्हणून घ्यावयाचे, मग त्यांचा अर्थ विचारावयाचा, आणि शेवटीं त्या माणसाच्या स्वतःच्या आयुष्याकडे वळावयाचें, असा क्रम होता.

या भेटींतून जें उघडकीस आलें तें पाहून ते थक्क झाले. वर्षानुवर्षें नेमानें उपदेश ऐकणाऱ्या कित्येकांना ख्रिस्त कोण होता एवढेंहि धड सांगतां येईना. उलट, दहा वर्षांच्या जाहीर उपदेशानें ज्यांच्यावर ओरखडा उमटला नव्हता, अशांना अर्ध्या तासाच्या समोरासमोरच्या बोलण्यानें अधिक उमगलें, असा अनुभव त्यांनीं नमूद करून ठेवला आहे. ज्यानें मुलांना शिकविलें आहे त्याला यांत नवल वाटणार नाहीं. सर्व वर्गानें एका सुरांत माना डोलाविल्या म्हणजे धडा समजला असें होत नाहीं. एकेकाला जवळ बोलावून विचारावें लागतें. बॅक्स्टर यांनीं प्रश्न कसे विचारावे याचेंहि मार्गदर्शन केलें आहे. अडाणी माणसाला शब्द सुचत नाहींत म्हणून त्याला अज्ञानी ठरवूं नये; हो किंवा नाहीं एवढ्यावर उत्तर देतां येईल असा प्रश्न करावा, आणि त्याला चारचौघांत लाज वाटेल असें कांहीं करूं नये, असें ते सांगतात. गांवांत वैद्य नव्हता तेव्हां पांचसहा वर्षें त्यांनीं लोकांना विनामूल्य औषधेंहि दिलीं.

१६५५ च्या डिसेंबरांत वुस्टर येथें आसपासच्या पाळकांची उपवास व प्रार्थना यांसाठीं सभा भरावयाची होती. आजारपणामुळें बॅक्स्टर यांस जातां आलें नाहीं. म्हणून तेथें करावयाचें भाषण वाढवून त्यांनीं १६५६ सालीं पुस्तकरूपानें छापलें. तें पाळकवर्गाला झोडपणारें पुस्तक आहे. दुसऱ्यास मोक्षमार्ग दाखवावा आणि स्वतः कोरडा पाषाण राहावें, या दोषावर त्यांत घणाघाती प्रहार आहेत. पुढें १६६२ च्या कायद्यानें जे सुमारें दोन हजार पाळक आपल्या जागांस मुकले त्यांत बॅक्स्टर होते. जागा गेली, पण पुस्तक राहिलें, आणि आजहि पाळकांच्या विद्यालयांत तें वाचलें जातें.

येथवर अनुभव झाला. त्याला शास्त्राची बैठक अद्याप लाभली नव्हती. ती देण्याचें श्रेय फ्रीड्रिख श्लायरमाखर या जर्मन पंडितास दिलें जातें. १८१० सालीं बर्लिन येथें नवें विद्यापीठ स्थापन झालें. तर्क, इतिहास व भाषा यांचा कस लागलेल्या त्या नव्या विद्यामंदिरांत ईश्वरविज्ञानाला जागा असावी काय, असा प्रश्न त्या काळीं विचारला जात होता. श्लायरमाखर तेथील ईश्वरविज्ञान शाखेचे पहिले प्रमुख. १८११ सालीं त्यांनीं या विषयाची एक छोटेखानी रूपरेषा प्रसिद्ध केली. तिच्यांतील युक्तिवाद साधा आहे. वैद्यकांत रसायन येतें, वनस्पतींचें ज्ञान येतें, शरीररचना येते. हीं सारीं वेगवेगळीं शास्त्रें आहेत. त्यांना एकत्र बांधणारें सूत्र कोणतें? अंथरुणावरचा रोगी. रोग्याला बरें करण्याचा हेतु काढून घेतला कीं वैद्यक उरत नाहीं, तीं शास्त्रें आपापल्या घरीं निघून जातात. ईश्वरविज्ञानाचेंहि तसेंच आहे. त्यांत भाषाशास्त्र आहे, इतिहास आहे, तत्त्वचिंतन आहे. मंडळीचें मार्गदर्शन करण्याचा हेतु आहे म्हणूनच तीं सारीं मिळून ईश्वरविज्ञान होतें. या शास्त्राला त्यांनीं वृक्षाची उपमा दिली. तात्त्विक भाग हें मूळ, ऐतिहासिक भाग हें खोड आणि व्यावहारिक भाग हा शेंडा. ज्याला इतर पंडित किरकोळ कसब समजत होते, त्याला त्यांनीं वृक्षाचा माथा म्हटलें.

हा विचार खोलींत बसून केलेला नव्हता. श्लायरमाखर जसे प्राध्यापक होते तसेच बर्लिनच्या त्रैक्य मंदिराचे उपदेशकहि होते आणि मरेपर्यंत त्यांनीं तें काम चालविलें. १८२९ सालीं त्यांच्यावर एक प्रसंग आला. त्यांचा एकुलता एक मुलगा नाथानिएल नवव्या वर्षीं वारला. त्याच्या थडग्यापाशीं उभें राहून बापानें स्वतःच प्रेतसंस्काराचें भाषण केलें. त्या भाषणांत त्यांनीं सांत्वनाचे नेहमींचे बोल एकेक करून तपासले आहेत. लहानपणीं गेलेलीं मुलें जगांतील मोहांपासून व संकटांपासून सुटतात, असें लोक म्हणतात. पण ज्या जगांत ख्रिस्ताचें जीवन झालें त्या जगाविषयीं असें बोलणें त्यांच्या मनाला पटेना. परलोकीं पुन्हा भेट होईल अशीं सुंदर चित्रें रंगवून कित्येकांना धीर येतो. पण कठोर विचाराची संवय लागलेल्या माणसाला त्या चित्रांतून हजार प्रश्न सुचतात, आणि त्यांना उत्तरें नसतात, हें त्यांनीं उघड सांगितलें. अखेर ख्रिस्तानें आपल्या लोकांसाठीं केलेल्या प्रार्थनेचा त्यांनीं आधार घेतला आणि तेवढ्यावर ते थांबले.

युरोपांतील त्या काळचा अग्रगण्य ईश्वरवेत्ता आपल्या मुलाच्या थडग्यापाशीं आपल्याच विद्येची परीक्षा घेत होता. जें टिकलें नाहीं तें त्यानें तोंडापुरतें बोलून दाखविलें नाहीं. पाळकानें आपल्याजवळ नाहीं तें सांत्वन दुसऱ्यास देऊं नये, हा धडा रूपरेषेच्या कोणत्याहि कलमापेक्षां या एका भाषणांत अधिक स्पष्ट दिसतो.

पुढें मात्र हा शेंडा जवळजवळ तुटल्यासारखा झाला. एकोणिसाव्या शतकांत व्यावहारिक ईश्वरविज्ञान म्हणजे उपदेशाची मांडणी कशी करावी, मुलांस प्रश्न कसे घालावे, संस्कार कोणत्या क्रमानें करावे, अशा कृतिपाठांची जंत्री होऊन बसली. मोठे पंडित वर सिद्धांत ठरवीत आणि या विषयाचा शिक्षक खालीं त्यांची अंमलबजावणी शिकवी. माणसांच्या अनुभवांतून वर कांहीं जाऊं शकतें, हा विचार मागें पडला. परिणामीं पुराणांतील वांगीं पुराणांत राहिलीं आणि पाळक आपल्या मंडळीच्या जिवंत दुःखाला अनोळखी झाला.

तें दार पुन्हा उघडणारा मनुष्य एका वेड्यांच्या इस्पितळांतून बाहेर आला. अँटन बॉयसन हे अमेरिकेंतील एक धर्मोपदेशक. १९२० सालीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, त्यांना तीव्र मनोविकार जडला आणि वर्षाहून अधिक काळ इस्पितळांत काढावा लागला. तेथें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, डॉक्टर शरीराकडे पाहतात, परंतु रोग्याच्या मनांत ईश्वर, पाप, मरण व मोक्ष यांविषयीं जें तुफान माजलेलें असतें, त्याचा अर्थ विचारण्यास कोणी येत नाहीं. धर्मोपदेशक येतात, प्रार्थना म्हणतात आणि निघून जातात. कित्येकांचें वेड म्हणजे मोडलेल्या आयुष्याची पुन्हा घडी बसविण्याची धडपड असते, असें त्यांचें मत झालें. बरे झाल्यावर १९२४ सालीं त्यांनीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयांत धर्मसेवकाची जागा पत्करली आणि पुढल्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत ईश्वरविज्ञानाचे चार विद्यार्थी तेथें शिकावयास आणले. बॅक्स्टर यांचें भाषण ज्या वुस्टरसाठीं होतें, त्याच नांवाचें हें दुसरें गांव, हा निव्वळ योगायोग.

या विद्यार्थ्यांनीं दिवसा वॉर्डांत परिचारकांचीं कामें केलीं आणि रोग्यांच्या हकीकती बारकाईनें लिहून त्यांवर चर्चा केली. ग्रंथांतील पानें जशीं काळजीपूर्वक वाचावयाचीं, तशींच हीं जिवंत माणसें वाचावयास शिकलें पाहिजे, असा बॉयसन यांचा आग्रह होता. रिचर्ड कॅबट या नामांकित डॉक्टरांनींहि याच सुमारास असें सुचविलें कीं, वैद्यकाचा विद्यार्थी जसा रोग्यांच्या सान्निध्यांत शिकतो तसेंच पाळकाचेंहि शिक्षण व्हावें. या चार विद्यार्थ्यांच्या वर्गांतून एक मोठी शिक्षणपद्धति वाढली. आज अनेक देशांत इस्पितळांत राहून घेतलेलें असें शिक्षण पाळकाच्या तयारीचा भाग झालें आहे. बॉयसन यांना आजारानें पुढेंहि गांठलें. तें त्यांनीं लपविलें नाहीं. १९६० सालच्या आत्मचरित्रांत त्यांनीं आपल्या रोगाची हकीकत एखाद्या परक्या रोग्याची द्यावी तशी दिली आहे.

अलीकडच्या अभ्यासकांनीं या सर्व अनुभवाची नीट मांडणी केली आहे. अमेरिकेंतील डॉन ब्राउनिंग यांनीं १९९१ सालच्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, सर्व ईश्वरविज्ञान मुळांतच व्यावहारिक आहे. तें आचारापासून निघतें, परंपरेकडे जातें आणि पुन्हा आचाराकडे परततें. रिचर्ड ऑस्मर यांनीं २००८ सालीं चार प्रश्नांची एक सोपी पायरी बांधून दिली. येथें काय चाललें आहे? तें कां चाललें आहे? वास्तविक काय चालावयास हवें? आणि त्याकरितां आतां काय करावें? उदाहरणार्थ, मंडळींतील तरुण माणसें उपासनेस येईनाशीं झालीं, तर बहुतेक पाळक चौथ्या प्रश्नावर उडी घेतात आणि कडक उपदेश करूं लागतात. त्या तरुणांना कामाच्या पाळ्या कोणत्या आहेत, तीं कोठें राहतात, त्यांना तेथें कोणी दुखविलें काय, हें आधीं पाहावें. मग शास्त्राकडे वळावें. मग उपाय योजावा. पहिला प्रश्न धीरानें विचारणें हेंच पाळकाचें पहिलें कर्तव्य ठरतें.

महाराष्ट्राला या विषयाचें एक जवळचें उदाहरण ठाऊक आहे. कवि नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि पुढें मुख्यतः अहमदनगर येथें काम केलें. ज्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ते वावरत, तेथें उपासनेंतील पुष्कळशीं गीतें परकीय वळणाचीं होतीं. ओवी व अभंग यांवर पोसलेल्या कानांना तीं पाठ होत, पण भिनत नसत. टिळकांनीं अभंग, पदें व भजनें रचलीं, कीर्तनाचा उपयोग केला, आणि तीं गीतें आजहि मराठी मंडळ्यांत गाइलीं जातात. १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून त्यांनीं देवाचा दरबार ही कल्पना पुढें मांडली. १९१९ सालीं त्यांचा अंत झाला. भक्तांच्या ओठांवर कोणती चाल सहज येते, हा प्रश्न वरवर संगीताचा दिसतो. परंतु त्याचें उत्तर शोधतां शोधतां ख्रिस्ताचें रूप मराठी मनांत कोणत्या शब्दांनीं उभें राहावें, या खोल प्रश्नापर्यंत ते जाऊन पोंचले.

या शास्त्रावर आक्षेप घेणारेहि आहेत, आणि ते निराधार नाहींत. मानसशास्त्राचीं चार पुस्तकें वाचून पाळक अर्धवट डॉक्टर बनतो आणि आपलें मूळचें काम विसरतो, असें कांहीं म्हणतात. तसें घडतेंहि. रोग्याला डॉक्टरकडे केव्हां पाठवावें हें ज्याला कळत नाहीं तो पाळक धोकादायक होय. परंतु उलट बाजूचा धोका याहून मोठा आहे. पाळकाच्या शब्दाला लोकांत वजन असतें. तुझ्या पापामुळें तुझें मूल गेलें, असें वाक्य एखाद्या आईच्या कानीं त्याच्या तोंडून पडलें, तर तें तिच्या काळजांत जन्मभर रुतून बसतें. असें वाक्य दुष्टपणानें बोललें जातें असें नाहीं. बहुधा तें पाठ केलेलें असतें. शास्त्राची गरज आहे ती यासाठीं.

बायबलांतील ईयोबाच्या कथेंत हाच प्रसंग आहे. मुलेंबाळें, संपत्ति व आरोग्य गमावून राखेंत बसलेल्या ईयोबास भेटावयास तीन मित्र आले. त्याचें दुःख पाहून ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दहि बोलले नाहींत. मग त्यांनीं बोलावयास सुरुवात केली. त्यांचे सिद्धांत त्या काळच्या धर्मशास्त्रांत बसणारे होते, भाषा भारदस्त होती. परंतु कथेच्या शेवटीं ईश्वर त्यांच्यावर रागावतो आणि त्यांच्यासाठीं प्रार्थना करण्याचें काम त्याच ईयोबावर पडतें.

ते सात दिवस हा त्यांच्या सेवेचा उत्तम भाग होता. दाराशीं उभ्या असलेल्या पाळकानें तेवढें ध्यानांत ठेवून आंत पाऊल टाकावें. ग्रंथ त्याच्या पाठीशीं आहेतच. त्या घरांतून परत आल्यावर त्यानें ते पुन्हा उघडावे, आणि त्या आईनें जें विचारलें त्याच्या उजेडांत वाचावे.